हंगाम थांबवणे इतके स्वस्त का?

इंडियन सुपर लीगचा २०२४-२५ चा अंतिम सामना १२ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्यात झाला. त्यानंतर लीगचा पुढचा सामना पाहायला देशाला १४ फेब्रुवारी २०२६ पर्यंत थांबावे लागले. या दहा महिन्यांत काही क्लबांत खेळाडूंचे पगार थांबले, करार स्थगित झाले, परदेशी मालकाने मुंबईतून काढता पाय घेतला आणि अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातल्या मुंबई फुटबॉल अरेनाला लीगचा एकही सामना दिसला नाही. तिकीट काढून येणाऱ्याला मात्र कोणीही अधिकृतपणे काही सांगितले नाही. चाहत्यांचा राग या काळात सुटासुटा बाहेर पडत राहिला. कधी तो महासंघावर होता, कधी रिलायन्सवर, कधी न्यायालयाच्या तारखांवर. आणि अधूनमधून तो खेळाडूंच्या मानधनावरही वळला: एवढे पैसे घेतात, मग थोडे सोडायला काय जाते? मला हा शेवटचा राग सर्वांत घातक वाटतो, कारण तो चाहत्याच्याच मुळावर येतो. हंगाम थांबवणे स्वस्त पडले म्हणून तो थांबला, आणि ते स्वस्त पडले कारण खेळाडूंचे पगार थांबवता आले. ज्याला आपल्या मैदानावर सामने हवे आहेत त्याने सर्वांत आधी खेळाडूच्या पगाराच्या हमीसाठी भांडले पाहिजे.

घटनाक्रम थोडा तपशिलात पाहावा लागेल, कारण चूक त्याच्यातच दडलेली आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ८ डिसेंबर २०१० रोजी आयएमजी-रिलायन्सबरोबर १५ वर्षांचा व्यापारी करार केला. त्यातूनच पुढे फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड ही कंपनी लीग चालवू लागली आणि अलीकडच्या काळात महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये मिळत होते. म्हणजे हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार, हे पंधरा वर्षे आधीपासून सर्वांना ठाऊक होते. अलीकडे आपला हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन एप्रिल-मेपर्यंत चालत होता, म्हणजे करार हंगामाच्या ऐन मध्यात संपणार हेही ठाऊक होते. तरीही ११ जुलै २०२५ रोजी लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवले की नूतनीकरणाची स्पष्टता नसल्याने पुढचा हंगाम तूर्त स्थगित. महिनाही उलटला नाही तोच, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बंगळुरू एफसीने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. चेन्नईयिननेही तोच मार्ग धरला आणि ओडिशाने करारच स्थगित केले. पुढे ११ क्लबांनी महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांना पत्र लिहून कायमचे बंद पडण्याचा इशारा दिला.

या साखळीत प्रत्येकाने आपला तोटा खालच्या माणसाकडे सरकवला. महासंघाकडे करार नव्हता, म्हणून कंपनीने लीग थांबवली. कंपनीने लीग थांबवली, म्हणून क्लबांनी पगार थांबवले. साखळीच्या तळाशी दोघेच उरले, खेळाडू आणि प्रेक्षक, आणि त्यांच्याखाली सरकवायला कोणी नव्हते. समजा, प्रत्येक क्लबाने हंगामाच्या पगाराएवढी बँक हमी आधीच भरून ठेवलेली असती आणि सामने होवोत वा न होवोत, ते पैसे खेळाडूला मिळणारच असते, तर काय झाले असते? लीगविना जाणारा प्रत्येक महिना मालकाच्या खिशातून गेला असता. मग ऑगस्टमधले इशाऱ्याचे पत्र २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेले असते, आणि क्लबांच्या मालकांनी महासंघाला असे धारेवर धरले असते की करार संपण्याच्या बरेच आधी नव्या कराराचा मसुदा तयार झाला असता. प्रश्न वेळेत सुटण्यासाठी तो न सुटण्याची किंमत त्याला सोडवू शकणाऱ्याने मोजावी लागते. इथे ती किंमत मोजली मुंबई, ऐजॉल, इम्फाळ, कोल्हापूरकडून आलेल्या तरुण पोरांनी आणि त्यांना पाहायला येणाऱ्यांनी.

यात न्यायालयाचा दोष आहे, असा एक युक्तिवाद सतत ऐकू येतो, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात २०१७ पासून पडून होता. निकाल येईपर्यंत व्यापारी करारावर वाटाघाटी करू नयेत, असे न्यायालयाने २०२५ मध्ये बजावले होते, आणि निकाल आला तो १९ सप्टेंबर २०२५ ला. पण खटला लांबला तो मुळात महासंघाने आपल्या निवडणुका आणि घटना क्रीडा संहितेत बसवल्या नाहीत म्हणून. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रशासक समिती नेमली, त्याच वर्षी १५ ऑगस्टला फिफाने भारताला निलंबित केले आणि ११ दिवसांनी निलंबन मागे घेतले. त्याच वेळी २०२५ चा खड्डा समोर दिसत होता. आणि न्यायालयाचा अडसर दूर झाल्यावर काय झाले तेही पाहा. १६ ऑक्टोबरला निविदा निघाली, त्यात वर्षाला किमान ३७.५ कोटी रुपये किंवा एकूण महसुलाच्या ५ टक्के देण्याची अट होती, आणि ७ नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. न्यायालयाला दोष देऊन या रिकाम्या निविदेचे उत्तर मिळत नाही. आपण काय विकतो आहोत आणि त्याची बाजारात काय किंमत आहे, याचा अंदाज पंधरा वर्षांत कोणी घेतलाच नव्हता.

आता खेळाडूंकडे वळू. नोव्हेंबर २०२५ मध्ये लीगमधल्या खेळाडूंनी एकत्रित निवेदन काढले. राग आणि वैताग संपून आता अगतिकता उरली आहे, असा त्याचा आशय होता. २ जानेवारी २०२६ ला सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन आणि त्यांचे सहकारी चित्रफितीतून थेट फिफाकडे मदत मागताना दिसले. मुंबईकराने हा छेत्री आठवून पाहावा. १ जून २०१८ ला याच अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवले, छेत्रीने हॅट्ट्रिक केली आणि ते पाहायला अधिकृत मोजणीनुसार २,५६९ माणसे होती. दुसऱ्या दिवशी त्याने चित्रफीत काढून लोकांना हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, कोसळत्या पावसात मैदान भरले होते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीची माणसे छत्री मिटून, चिंब भिजत ओरडत होती. खेळाडूने हाक मारली आणि उपनगर आले. साडेसात वर्षांनी त्याच माणसाला लोकांऐवजी झुरिचकडे हात जोडावे लागले, याचा अर्थ लोकांनी पाठ फिरवली असा होत नाही. लोकांच्या हातात काहीच दिलेले नाही, हे त्याला कळून चुकले होते.

राहुल भेके हे आणखी एक नाव मुंबईकराने विसरू नये. मुंबईचा हा बचावपटू १७ मार्च २०१९ ला अंधेरीतच लीगच्या अंतिम सामन्यात बंगळुरूकडून खेळत होता. जादा वेळेतल्या त्याच्या हेडरने एफसी गोवा हरली. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीने इराकच्या अल-कुवा अल-जवियाला २-१ ने हरवले, तो एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबाचा पहिला विजय होता आणि निर्णायक गोल भेकेचा होता. ४ मे २०२४ ला सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून मुंबई सिटीने चषक उचलला तेव्हा कर्णधारही तोच होता. पुढे तो बंगळुरूला परतला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ज्या संघाचे पगार थांबले त्या संघात तो होता. तिशी ओलांडलेल्या खेळाडूच्या कारकिर्दीत एक हंगाम म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. कारकुनाचे बुडालेले वर्ष निवृत्तीच्या आधी कुठेतरी भरून निघू शकते. फुटबॉलपटूचे पाय ते वर्ष परत देत नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. हे लोक कोट्यवधी कमावतात, त्यांना कामगार कसे म्हणायचे? मुलुंड-भांडुपच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, अंधेरीच्या एमआयडीसीत, घाटकोपरच्या छोट्या कारखान्यांत टाळेबंदी भोगलेल्या घरांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. १९८२ चा गिरणी संप आणि त्यानंतरची बंद भोंग्यांची वर्षे ज्या शहराने पाहिली, तिथे शीर्षस्थानी असलेल्या खेळाडूच्या पगारासाठी गळा काढणे अवघडच वाटणार. पण पगार किती असावा हा प्रश्न करार करताना विचारायचा असतो. करार झाल्यावर एकच प्रश्न उरतो, ठरलेला पगार दिला की नाही. मानधनाचे आकडे खेळाडूंनी पिस्तूल रोखून वाढवले नव्हते, क्लबांनी एकमेकांवर चढाओढ करून वाढवले. लीगने संघाच्या एकूण मानधनावर कमाल मर्यादाही घातलेली होती, तिच्या आत हे सारे चालले. शिवाय ज्यांची नावे आपल्याला माहीत आहेत ते दहा-बारा जण सोडले तर बाकीचा संघ कोण असतो? एकवीस-बावीस वर्षांचा, दोन वर्षांचा करार असलेला, उपनगरातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सहकाऱ्यांबरोबर राहून गावी पैसे पाठवणारा मुलगा असतो. त्याच्यामागे फिजिओ, मालिश करणारे, किट सांभाळणारे, मैदान राखणारे असतात. पगार थांबतो तेव्हा तो आधी यांना लागतो. मोठ्या नावाच्या आडून या सगळ्यांचा पगार कापणे सोपे जाते, आणि चाहत्याने त्या आडोशाला आपला राग पुरवू नये.

हक्क नाहीतच असेही नाही. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू क्लबाला पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार मोडू शकतो. नियम चांगला आहे. पण लीगच बंद असताना करार मोडून जायचे कुठे? परदेशात संधी मिळेल असे भारतीय खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे एका क्लबाच्या लबाडीवर असलेला इलाज संपूर्ण लीगच्या बंदवर चालत नाही. भारतीय फुटबॉल खेळाडूंची संघटना २००६ पासून अस्तित्वात आहे, पण लीग आणि खेळाडू यांच्यात सर्वांना बांधणारा सामूहिक करार नाही. अमेरिकी फुटबॉलच्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, मालकांनी मार्च २०११ मध्ये टाळेबंदी केली तेव्हा चाहते आपल्याइतकेच संतापले होते. पण तिथे भांडायला सामूहिक करार होता, दोन्ही बाजूंचा तोटा उघड दिसत होता आणि जुलैच्या अखेरीस, हंगामाचा एकही सामना न बुडता, दहा वर्षांचा नवा करार झाला. आपल्याकडे वाद होता, पण समोरासमोर बसायला टेबलच नव्हते.

दुसरा आक्षेप पैशाचा. क्लब तोट्यात आहेत, हमीचे पैसे आणायचे कुठून? लीग सुरू झाल्यापासून बहुतेक क्लब मालकाच्या खिशावर चालतात हे खरेच आहे. पण याचे उत्तर २०११ च्या स्पेनमध्ये सापडते. त्या वेळी तिथले अनेक क्लब कर्जात बुडालेले होते आणि सुमारे २०० खेळाडूंचे सुमारे ५ कोटी युरो थकले होते. खेळाडूंच्या संघटनेने संप पुकारला, ला लीगाची पहिली फेरी ठरल्या वेळी झालीच नाही. मेस्सी आणि कासियास यांचे पगार थकलेले नव्हते, पण बड्या क्लबांचे खेळाडूही संपात उभे राहिले. मागणी मानधन वाढवण्याची नव्हती. थकलेला पगार मिळण्याची हमी देणारा निधी हवा होता. २५ ऑगस्टला समझोता झाला आणि दुसऱ्या फेरीचे सामने वेळेवर झाले. चाहत्यांना एका फेरीसाठी थांबावे लागले, पण नंतर त्यांना ठाऊक होते की क्लब दिवाळखोरीत गेला तरी खेळणारा माणूस उघड्यावर पडणार नाही. तोट्यातल्या क्लबाला हमी परवडत नसेल तर त्याने कमी मानधनाचे करार करावेत. हमी ही खर्चाला लगाम घालते, आणि तो लगाम मालकाच्या हातून सुटला म्हणूनच आज तोट्याची तक्रार आहे. लीग पुन्हा सुरू करायचे ठरल्यावर काही क्लबांनी खेळाडूंकडे मानधन कमी करून घ्यायची मागणी केली. एखादा खेळाडू स्वखुशीने ते मान्य करतो तर त्याचा आदर आहे. पण अर्धा हंगाम आधी वाया घालवायचा आणि मग उरलेल्या अर्ध्यासाठी कपात मागायची, हा सौदा नव्हे, ही अडवणूक आहे.

केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी ६ जानेवारी २०२६ ला लीगची घोषणा केली: १४ क्लब, ९१ सामने. गणित सोपे आहे, प्रत्येक क्लबाला १३ सामने. मुंबई सिटीला घरच्या मैदानावर सहा किंवा सात. याआधीच्या हंगामात हाच आकडा बारा होता. हा फरक कागदावर लहान दिसतो, उपनगरात तो मोठा आहे. मुलुंडचा मुलगा मध्य रेल्वेने घाटकोपरला उतरतो, तिथून मेट्रोने आझाद नगर गाठतो आणि वीरा देसाई रस्त्याने चालत संकुलाकडे जातो. बोरिवलीचा अंधेरीला उतरून तीच मेट्रो धरतो. साडेसातचा सामना साडेनऊला सुटतो, मग परतीची लोकल आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज किंवा कामावर. ढोल घेऊन येणारा चाहत्यांचा गट वेस्ट कोस्ट ब्रिगेड असो किंवा निळी जर्सी घालून वडिलांबरोबर आलेली सातवीतली मुलगी असो, त्यांनी ही सवय लावून घ्यायला वर्षे लागली आहेत. २०१४ आणि २०१५ मध्ये मुंबई सिटी नेरूळला खेळायची. २०१६ पासून ती अंधेरीत आली आणि पश्चिम-मध्य उपनगरांना पहिल्यांदा स्वतःचा क्लब मिळाला. प्रेक्षकाची सवय दहा महिन्यांत मोडते आणि दहा महिन्यांत परत लागत नाही. मोडलेल्या सवयीच्या जागी रात्री साडेबाराचा इंग्लिश प्रीमियर लीगचा सामना येतो, आणि टर्फवर खेळणाऱ्या पोरांच्या अंगावर आर्सेनल-लिव्हरपूलची जर्सी चढते. त्यात त्यांचा काय दोष?

मुंबईच्या पाठीराख्याने हे आधीही सोसले आहे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये मालकांनी संघ बंद केला. मुंबई एफसीने २०१७ मध्ये आय-लीगमधून उतरल्यावर गाशा गुंडाळला. त्या मुंबई एफसीला सात वर्षे सांभाळणारे प्रशिक्षक खालिद जमील आज राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या हाती संघ आला तेव्हा त्यांच्या बऱ्याच खेळाडूंना क्लबचा हंगामच नव्हता. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने भारताला हरवले आणि आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवले. पराभवाची कारणे अनेक असतात, पण सामनेच न खेळणाऱ्या खेळाडूंचा संघ उभा करायची पाळी कोणत्याही प्रशिक्षकावर येऊ नये. आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतली आपली मालकी सोडली. २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेऊन ते आले, त्यांच्या काळात दोन लीग शील्ड आणि दोन चषक मिळाले, क्लबचे बोधचिन्हही त्यांच्या साच्यात बदलले गेले. रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे मूळचे मालक राहिले म्हणून क्लब वाचला. येताना कोणी प्रेक्षकाला विचारले नव्हते, जाताना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

तिसरा आक्षेप सगळ्यांत कडवट आहे: मुंबईत फुटबॉलला प्रेक्षक किती, की त्यांना विचारावे? हा आक्षेप घेणाऱ्याने एकदा कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, फुलेवाडी यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम कसे भरते हे महाराष्ट्राला सांगायला नको. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. तिथे प्रेक्षक ग्राहक नसतो, तो पेठेचा, तालमीचा माणूस असतो आणि संघाच्या बऱ्यावाईटाबद्दल बोलायचा त्याचा अधिकार कोणी नाकारत नाही. तिथले व्यवहार हौशी आहेत, प्रेक्षकांतली हाणामारीही काही भूषणावह नाही, आणि व्यावसायिक लीगला तालमीचा साचा जसाच्या तसा बसणार नाही. पण माणसाला हक्क असला की तो येतो, हे कोल्हापूर दाखवते. जर्मनीत बहुतेक क्लबांच्या मताधिकाराचा मोठा वाटा सभासदांकडे असतो. तिथल्या लीगने डिसेंबर २०२३ मध्ये माध्यम हक्कांचा हिस्सा गुंतवणूकदाराला विकायचे ठरवले, तेव्हा प्रेक्षकांनी आठवड्यामागून आठवडे मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने रोखले, आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो बेत सोडून दिला. चेंडू फेकायचे आवाहन मी करत नाही. पण त्या चेंडूंना वजन आले ते फेकणारा सभासद होता म्हणून.

मुंबईच्या चाहत्याला सभासदत्व उद्या मिळणार नाही. पण त्याच्या हाताशी एक गोष्ट आहे जिचा विचार अजून कोणी केलेला दिसत नाही. मुंबई सिटी ज्या मैदानावर खेळते ते सार्वजनिक मैदान आहे. अंधेरीचे संकुल महापालिकेच्या बृहन्मुंबई क्रीडा आणि ललितकला प्रतिष्ठानकडे आहे, मुलुंडचे प्रियदर्शिनी क्रीडासंकुलही त्याच प्रतिष्ठानचे. म्हणजे त्या हिरवळीत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या करदात्यांचा पैसा आहे. ते मैदान ज्याला वापरायला द्यायचे त्याने आपल्या माणसांचा पगार दिलेला आहे की नाही, हे विचारण्याचा महापालिकेला पूर्ण अधिकार आहे. हे नवे तत्त्व नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने रुजवले, आणि महापालिकेची कामे घेणाऱ्या कंत्राटदारांना वेतन आणि भविष्य निर्वाह निधी भरल्याचा हिशेब दाखवावा लागतोच. तोच नियम व्यावसायिक क्लबाला लावायला अडचण कसली? या अटीने क्लब पळून जाईल, अशी भीती घालण्यात येईल. पण नियमित पगार देणाऱ्या क्लबाला या अटीचा एक पैसाही खर्च नाही, आणि न देणारा क्लब आज ना उद्या आपल्याला पुन्हा दहा महिन्यांच्या अंधारात नेणारच आहे.

जवळपास चार वर्षे निवडून आलेल्या प्रतिनिधींशिवाय चाललेल्या महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली, म्हणजे आता विचारायला नगरसेवक आहे. चाहत्यांच्या गटांनी पुढचा भाडेकरार होण्याआधी प्रतिष्ठानकडे आणि आपापल्या प्रभागात दोन कलमे लेखी मागावीत. क्लबाने हंगाम सुरू होण्यापूर्वी किमान तीन महिन्यांच्या पगाराची बँक हमी दिल्याशिवाय मैदानाची तारीख मिळणार नाही. आणि हंगाम पुढे ढकलला किंवा रद्द झाला तर हंगामी तिकीट घेतलेल्याचे पैसे ठरावीक मुदतीत परत होतील. महासंघाच्या पुढच्या व्यापारी करारातही हीच दोन कलमे यावीत म्हणून खेळाडूंच्या संघटनेने आग्रह धरावा, आणि त्या आग्रहाच्या पाठीशी गोवा, कोची, कोलकाता, बंगळुरूच्या चाहत्यांनी उभे राहावे. अंधेरीपुरते ते करून दाखवायला दिल्लीची किंवा फिफाची परवानगी लागत नाही. प्रतिष्ठानच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ते यायला हवे.